सारंगाची पाहणी

बायकोला ‘ओसरी’त ठेवायचं ठरलं, तर लवूनाना तोडणकरांच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं. सगळ्यात मोठी बाब झोपेची. दमयंतीचं विसरणं वाढल्यापासून त्यांना सलग झोप अशी मिळालेलीच नव्हती. ती उठायची, घरभर फिरायची, फळ्या चाचपायची, कोनाड्यात हात घालायची. ‘काय शोधतेस गो?’ विचारलं, तर ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणून पुन्हा चाचपायला लागायची. झोपेखालोखाल संध्याकाळ. पूर्णगडच्या बंदरावर निवृत्त खलाशांची बैठक बसते. तिथली त्यांची जागा वर्षभर रिकामी होती आणि आता तिथे एक निवृत्त तलाठी बसायला लागला होता, जो समुद्रात कधी गुडघ्याच्या वर गेलेला नाही. हे नानांना झोपेपेक्षाही जास्त लागलं होतं, पण तसं ते बोलून दाखवत नसत. तिसरी बाब, मुलगा सुजय विरारहून रोज फोनवर जी काळजी करायचा आणि त्यांच्याकडूनही करवून घ्यायचा, ती थांबली असती.

समोरच्या बाजूला काय? घरात ‘अहो’ म्हणणारं कोणी उरलं नसतं. पण अलीकडे ती ‘अहो’सुद्धा क्वचितच म्हणायची. तेव्हा ती बाब नानांनी धरलीच नाही.

लवूनाना मालवाहू जहाजांवर सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. साहेब हुकूम देतो, पण दोर कुठला ओढायचा आणि कोणी, ते सारंग ठरवतो. त्यांच्या नजरेला एक सवय जडली होती. नवी कोरी रंगवलेली वस्तू दिसली की तिच्याखाली गंज किती असेल, याचा अंदाज ते मनातल्या मनात बांधून टाकत. सुनेच्या माहेरच्या माणसांच्या बाबतीतही त्यांनी तो बांधला होता आणि तो फारसा चुकला नव्हता.

‘ओसरी’ सुजयने शोधली. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की चढावर, सड्याच्या कडेला, वयस्कर आणि आजारी माणसांना सांभाळणारं घर. मागे जांभ्या दगडाचं मोकळं माळरान, पुढे समुद्र.

“नाना, लोकांनी खूप चांगलं लिहिलंय. जवळजवळ सगळ्यांनी पाच चांदण्या दिल्यायत,” सुजय फोनवर म्हणाला.

“कुठल्या लोकांनी? आतल्या का बाहेरच्या?”

“बाहेरच्या. म्हणजे नातेवाइकांनी. आतल्यांना कसं लिहिता येईल, त्यांना आठवत नाही.”

“म्हणजे रंगाला चांदण्या दिल्या,” नाना म्हणाले. “जहाजाची तपासणी करायला साहेब यायचा ना, तेव्हा आम्ही आदल्या दिवशी सगळीकडे रंग मारून ठेवायचो. साहेब खूश, आम्ही खूश. जहाज कसा हाय ता फक्त खलाश्याला ठाऊक.”

“मग काय करायचं म्हणता?”

“खलाशी म्हणून चढायचा.”

अशा रीतीने ठरलं, की नाना स्वतःच विसरभोळा म्हातारा होऊन ‘ओसरी’त आठवडाभर राहणार. राहून बघायची तिथे सोय होतीच. तेवढे दिवस दिशाने, म्हणजे सुनेने, बँकेतून रजा काढून पूर्णगडला सासूजवळ राहायचं. नानांनी पाहणी करून पास म्हटलं की दमयंतीची खाट पक्की. नापास म्हटलं की दुसरं घर शोधायचं. खाट एकच रिकामी होती आणि तिच्यासाठी आणखी दोन घरांतून विचारणा चालू होती, तेव्हा आठवडा संपला की हो का नाही ते सांगावं लागणार होतं.

रिक्षात दिशाने विचारलं, “नाना, सोंग जमेल ना तुम्हाला?”

“तुझ्या सासूसोबत वर्षभर राहिलोय. तेवढा शिकलो नसेन?”

“आणि घरी मी काय काय सांभाळू?”

“काय सांभाळायचा नाय. सगळा बंदोबस्त केलेला हाय. तिला पडवीत खुर्चीवर बसव. हातात काय देऊ नको.”

बंदोबस्त म्हणजे काय, ते दिशाने आदल्या दिवशीच पाहिलं होतं. वादळाचा इशारा आला की डेकवरची हलणारी वस्तू बांधून टाकायची, हे सारंगाचं पहिलं काम. दमयंतीचं विसरणं हे वादळच समजून नानांनी घर तसंच बांधून काढलं होतं. गॅसला कुलूप. विळी पेटीत. सूप, चाळणी, रोवळी माळ्यावर. विहिरीवर जाळी. मागच्या दाराच्या कडीला दोराची अशी गाठ, की ती सोडवायला दुसरा सारंगच हवा. जेवणाचा डबा शेजारून. आणि या सगळ्याच्या मधोमध एका वेताच्या खुर्चीत दमयंती, जिला ते रोज सकाळी म्हणत, “बस आता आरामात. जन्मभर राबलीस.” गावात या बंदोबस्ताचं कौतुक होतं. पुरुष माणूस असून किती करतो, असं बायका म्हणत. नाना ते ऐकू येण्याइतपत जवळ उभे राहत.

‘ओसरी’त पाऊल टाकलं तेव्हा दुपारची वेळ होती आणि घर अर्धवट झोपेत होतं. पौषातलं सौम्य ऊन लांब पडवीभर पसरलेलं. समुद्र खाली दूर होता, पण त्याची गाज वर चढता चढता इतकी मऊ होऊन जाई, की कोणीतरी शेजारच्या खोलीत धान्य चाळतंय असं वाटे. पडवीत खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसली होती. कोणी बोलत होतं, पण उत्तराची वाट न बघता. एक बाई खिडकीच्या गजाला हलक्या आवाजात काहीतरी समजावून सांगत होत्या.

ज्ञानेश्वरी सिस्टर पुढे आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. पोफळीच्या वसाहतीत वाढलेल्या, वडील डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कामाला होते. आवाज कधी चढत नसे. तो एका सुरात, दूर कुठेतरी यंत्र चालू असावं तसा चालू असे, आणि थांबला की चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

“नाव काय तुमचं, काका?”

नानांनी ठरवल्याप्रमाणे जरा वेळ घेतला. “सुजय,” ते म्हणाले.

“वा. आणि मुलाचं नाव?”

हा प्रश्न त्यांनी धरलेला नव्हता. “तोपण सुजय,” ते म्हणाले. दिशाने तोंडाला रुमाल लावला.

पाहणी त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केली. विसरलेल्या माणसाला एक सवलत असते, तो कुठल्याही खोलीत शिरू शकतो. नाना सगळ्या खोल्यांत शिरले. खाटांच्या खालून बोट फिरवून बोट हुंगलं. दारामागे पाहिलं, कारण झाडणारा माणूस दार उघडून झाडतो आणि दारामागचं तसंच राहतं. इथे राहिलेलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या टाचा आणि पाठी पाहिल्या. जखम कुठेच नव्हती. नखं कापलेली. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा, आणि तोही दुखऱ्या हाताच्या नव्हे, धड हाताच्या बाजूला. घंटी वाजवून पाहिली. मुलगी आली. “काय हवं, काका?” नाना म्हणाले, “आठवत नाय.” ती म्हणाली, “आठवेल. मी बसते तोवर,” आणि खरोखर खाटेच्या कडेला बसली. शेवटी त्यांनी तिला चहा मागितला.

गंज सापडत नव्हता. माणूस अशा वेळी खूश होतो. नाना खट्टू झाले.

त्यात जेवण. स्वयंपाकघर सखूबाईंकडे होतं. त्या बुटक्या, कमरेला पदर खोचलेल्या, वाढताना माणसाच्या तोंडाकडे न बघता ताटाकडे बघणाऱ्या. सगळ्यांसाठी एकच भांडं चढवायच्या आणि मीठ कमी घालायच्या. ज्याला चालतं त्याच्या ताटात वरून चिमूट टाकायच्या. कोणाला किती चालतं, ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. कुळथाची आमटी पहिल्या दिवशी नानांनी दोन वाट्या प्यायली. दुसऱ्या दिवशी वाटी पुढे करण्याआधीच सखूबाईंनी दुसऱ्यांदा भरली.

“बाकी सगळा विसरलात, आमटी बरी लक्षात राहते,” त्या म्हणाल्या. नाना सावध झाले आणि तिसरी वाटी त्यांनी मागितली नाही.

आणि झोप. ती अशी आली, की तिला काही विचारायचं भानच राहिलं नाही. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा गार वारा, खिडकीतून शिरून खाटेवरून पुढे निघून जाई. दुपारी समुद्राकडून तोच ऊबदार होऊन परत येई. त्या दोन वाऱ्यांच्या मध्ये नाना पडून राहत. जहाजावर कधीतरी डेकखाली झोपलेलं असताना जहाज सुटतं आणि माणसाला कळत नाही, तसं काहीतरी होई. डोळे उघडले की खिडकीत समुद्र असे, आणि आपण चालतोय की तो, हे ठरवायला थोडा वेळ लागे. तेवढा वेळ ते खरंच विसरलेले असत. सोंग कुठे संपलं, ते अशा वेळी त्यांनाही सांगता आलं नसतं.

तरी शेवटी गंज सापडला. दुपारच्या चहाआधी पडवीत सगळ्यांच्या हातात काही ना काही दिलं जाई. कोणाला वालाच्या शेंगा सोलायला, कोणाला सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, निवडायला, कोणाला भांडारातले टॉवेल घड्या घालायला. नानांनी हे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. आजारी माणसं ठेवून घ्यायची आणि वर त्यांच्याकडून कोलंबी सोलणाऱ्या पोरांसारखा जवळा निवडून घ्यायचा. दमयंतीने जन्मभर हेच केलं. ती इथे आराम करायला येणार का सखूबाईंची मदतनीस व्हायला?

त्यावरही कडी म्हणजे टॉवेल. घड्या घालायचं काम महिपत धनावड्यांकडे होतं. मंडणगडकडचे डोंगरातले शेतकरी, हात फावड्यासारखे. टोकाला टोक जुळवून, वरून पंजा फिरवून, ते टॉवेलांची अशी चळत रचत, की एकही कड बाहेर येऊ नये. नाना सहज भांडारात शिरले, तर ती घंटीवाली मुलगी तीच चळत मोडून टॉवेल परत टोपलीत कोंबत होती. दुसऱ्या दुपारी तीच टोपली महिपतांसमोर.

नानांना फार दिवसांनी आनंद झाला. खुर्ची सरकवून ते महिपतांच्या कानाशी गेले.

“ऐका. तुम्ही घडी घालता ना, ती पोरगी मोडते आतमध्ये. तेच टॉवेल परत आणते. फसवतात तुम्हाला.”

महिपतांनी हातातली घडी पुरी केली. “ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय? मग घालता कशाला?”

“भात लावतो, कापतो. फुडल्या साली परत लावतो. तवा मला कोण फसवतो?”

नानांनी यावर बराच विचार केला. मग त्यांनी ठरवलं की शेतकऱ्यांना जहाजातलं कळत नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी ज्ञानेश्वरी सिस्टरनी सुपात जवळा घेऊन ते नानांच्या मांडीवर ठेवलं. काही सांगितलं नाही, विचारलं नाही. नाना रागाने बघत राहिले. मग एक शंखाचा तुकडा दिसला तो त्यांनी उचलला, कारण शंख जवळ्यात असणं चूक होतं. मग एक खडा. मग चिमुकला खेकडा, वाळून लाल झालेला. सूप जरा हलवलं की जवळ्याची लाट एका बाजूला जाई आणि तळाशी वाळूची रेघ उमटे, ओहोटीला किनाऱ्यावर उमटते तशी. ते पुन्हा हलवू लागले. ऊन पायावर आलं, पायावरून गेलं. कुठलीशी बंदरं आली, दिवे आले. एका बंदरावर दमयंती उभी होती, तरुण, हातात सूप, आणि जहाज काही केल्या धक्क्याला लागत नव्हतं. चहा आला तेव्हा नाना दचकले. किती वेळ गेला, ते त्यांना सांगता येईना. बोटांना खारा वास होता. त्या रात्री ते एकदाही जागे झाले नाहीत. सकाळी त्यांनी ही गोष्ट स्वतःलासुद्धा नीट सांगितली नाही.

आठवडा संपत आला तेव्हा दिशा सासूला घेऊन आली. तिलाही जागा दाखवावी, असं तिच्या मनात. दमयंतीबाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, अंबाड्यात अबोली. वर्षभरात जसं चालायच्या तसंच चालत होत्या, हात पुढे धरून, काहीतरी घ्यायला निघाल्यासारखे. दिशा सिस्टरांशी बोलायला थांबली आणि त्या तेवढ्यात पडवीभर फिरून नानांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

नाना सूप घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिलं. ‘आलीस?’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांत आपण नाही हे त्यांना दिसलं.

“ह्यो कोणी निवडलाय?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“मी.”

“दिसताच हाय.” त्यांनी समोरची खुर्ची ओढली, बसल्या, सूप नानांच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. “बायको नाय वाटता घरात.”

“हाय.”

“मग तिने शिकवलान नाय?”

“मी बोटीवर असायचो.”

“होय काय?” सूप हललं. नानांनी ते नुसतं हलवलं होतं. दमयंतीबाईंच्या हातात ते श्वास घेतल्यासारखं वर झालं, खाली झालं, वाळू एका काठाला गेली, हलकं कूस, म्हणजे टरफलाचा भुसा, दुसऱ्या काठाला, आणि मधोमध जवळा स्वच्छ होऊन राहिला. डाव्या हाताची बोटं त्यात शिरली. त्या हाताकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या. “आमचे पण बोटीवरच असतात. सारंग हायत.”

“कसे हायत?”

हा प्रश्न नानांनी का विचारला, कोण जाणे. आठवडाभर दुसऱ्यांची पाहणी करून जीभ सैल झाली असेल.

“चांगले हायत,” दमयंतीबाई म्हणाल्या. “दारू नाय, कोणाच्या अध्यात नाय. जीव हाय माझ्यावर. फकस्त घरी आले की सगळा बांधून ठेवतात. वादळ येणार असल्यासारखा. ता वादळ काय येत नाय आणि दोर काय सुटत नाय.”

“तुमच्या भल्यासाठीच असेल.”

“असेल की. विळी लपवून ठेवली. सूप कुठे टाकला, ता सापडत नाय. मी शोधतो तर मागे मागे येतात, काय शोधतेस, काय शोधतेस. सांगू काय? शोधता शोधता माझ्या ध्यानातून जाता काय शोधत होतो ता.” एक खडा त्यांनी पडवीबाहेर उडवला. “मला म्हणतात बस. बसून बसून माझे हात मेले हो.”

ऊन दोघांच्या मधल्या फरशीवर होतं.

“बोलत का नाय त्यांना?” नानांनी हळूच विचारलं.

“बोलायला पण हातात काहीतरी लागता. रिकाम्या हाताने काय बोलणार?” दमयंतीबाई पहिल्यांदाच हसल्या. “तुम्ही सांगा भेटले तर. पुरुष पुरुषाचा ऐकतो.”

“सांगतो.”

दिशा आली ती जागीच थांबली. वर्षभरात सासूच्या तोंडून एवढी वाक्यं तिने एका दमात ऐकली नव्हती. निघताना दमयंतीबाईंनी निवडलेला जवळा नानांच्या हवाली केला, कूस झटकलं आणि म्हणाल्या, “बायकोला आणा हो एकदा. तिच्या पण हाताला काम होईल.”

त्या गेल्यावर नानांनी सूप खाली ठेवलं. मग उठून सिस्टरांच्या खोलीत गेले. सोंग बाहेरच ठेवलं.

“सिस्टर, तुमच्या घरात गंज नाय,” ते म्हणाले. “मी सगळीकडे बघितला.”

“मला ठाऊक आहे तुम्ही बघत होता ते. पहिल्याच संध्याकाळी कळलं. विसरणारा माणूस खाटेखाली बोट घालतो, पण हुंगून पारखत नाही.”

“मग बोलला का नाय?”

“बोलले असते तर तुम्ही दुपारी झोपला नसता,” सिस्टर म्हणाल्या. “काकूंना कधी आणताय?”

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. “ते टॉवेल तुम्ही मोडता. तो माणूस ठाऊक असून घालतो. तसा मला पण करता येईल काय?”

“येईल. पण मोडताना आवाज होऊ द्यायचा नाही. आणि कंटाळायचं नाही, ते जास्त अवघड. विळी दिलीत तर समोर बसायचं. पेपर वाचत नाही, समोर.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि एक दिवस तुमच्याने होणार नाही. त्या दिवशी मान खाली घालून इथे या.”

म्हणजे पाहणी पुरी झाली होती. ‘ओसरी’ पास होती आणि पूर्णगडचं घर नापास. आता हे सुजयला सांगायचं. इथेच नानांचं अडलं. दोन महासागरांत माणसं ज्यांच्या शिट्टीवर चालली, त्यांनी आपल्याच मुलाला सांगायचं, की तुझ्या आईला मी वर्षभर दोराने बांधल्यासारखं ठेवलं. आणि जागा चांगली आहे म्हटलं, तर सुजय त्याच क्षणी खाट पक्की करणार. तेव्हा ‘ओसरी’त काहीतरी वाईट असणं भाग होतं, आणि ते असं हवं होतं की विरारहून तपासता येणार नाही.

आठवडा पुरा झाला तेव्हा सासूला शेजारी बसवून दिशा त्यांना न्यायला आली, आणि फोन त्यांनी परतीच्या गाडीतून केला.

“नापास,” नाना म्हणाले.

“का? काय झालं?”

नानांनी मागे पडणारी खाडी पाहिली, पूल पाहिला. “आमटी.”

“आमटीचं काय?”

“अळणी.”

“नाना, तिथे बीपीची माणसं असतात.”

“माझ्या तोंडाला काय लागला ता मी सांगतो. अळणी जेवणावर माणूस टिकत नाय. तुझी आई तर नाय म्हणजे नायच.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून जहाजावर बंडं झालेली मी बघितलीत,” नाना म्हणाले आणि फोन दिशाकडे दिला. दिशाने खिडकीबाहेर बघत नवऱ्याला सांगितलं, “नाना म्हणतात ते बरोबर आहे.” का म्हणाली, ते तिने पुढेही कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर नानांनी आधी मागच्या दाराची गाठ सोडली. ती त्यांनीच बांधलेली होती, तरी वेळ लागला. मग विळी, मग रोवळी, मग माळ्यावरून सूप. दमयंतीने ते हातात घेतलं, उलटं करून ठोकलं, धूळ पाडली, आणि जणू सकाळीच ठेवलेलं घेतलंय अशी पडवीत बसली. कशाचा आनंद नाही, आश्चर्य नाही. नाना समोर बसले. पुढे दुपारी अशाच जायला लागल्या. ती निवडायची आणि ते बघायचे. ती झोपली की ते स्वच्छ जवळ्यात पुन्हा कूस मिसळायचे, आवाज न करता. काही रात्री ती अजून उठते. पण चाचपत नाही, अंगणात उभी राहून वाऱ्याचा वास घेते आणि परत येते. एकदा बोट कापलं. ते तिने स्वतःच तोंडात घातलं आणि नानांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी विळी उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला.

इकडे सुजय मनाला लावून घेणारा माणूस. आईला ठेवण्यासाठी धडपडून शोधलेली जागा अशी निघाली, म्हणून त्याने फोन उघडून ‘ओसरी’ला दोन चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, “माझ्या वडिलांनी स्वतः आठवडाभर राहून पाहिलं. जेवण अळणी. आमटी तोंडात घालवत नाही.” आतून पाहून आलेल्या माणसाचं मत म्हणून लोकांनी ते खरं मानलं. संस्थेच्या मंडळातला अजिंक्य नावाचा उत्साही तरुण लगेच आला, त्याने आमटी चाखली, आणि जेवण यापुढे चवीचं झालं पाहिजे असं सांगून गेला. सखूबाईंनी विचारलं, “आणि बीपीवाल्यांचं काय?” तो म्हणाला, “त्यांचं वेगळं करा.”

दिशाने हे नानांना कळवलं. नानांनी दुसऱ्याच दिवशी बांगडे घेऊन भाट्याचा चढ गाठला. सखूबाईंनी बांगडे घेतले. “मीठ लावून आणायचेत ना,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. नाना बाहेर थोडा वेळ उभे राहिले. खरं काय ते मंडळाला जाऊन सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग सुजयलाही ते सांगावं लागेल, हेही आलं. चढ उतरताना वारा समोरून होता.

तर हिशेब असा. दमयंतीने काही दिलं नाही. तिच्याकडून आधीच वर्षभर घेऊन झालं होतं. नानांनी झोप दिली. सगळी नाही, पण चांगल्यापैकी, आणि ती ते अजून देतायत. दिशाने एक खोटं दिलं, ज्ञानेश्वरी सिस्टरनी घराच्या नावलौकिकातला थोडा भाग. सुजयने आपल्या समजुतीप्रमाणे काहीच दिलं नाही, दोन चांदण्या उलट त्याने वाटल्या. बाकी सगळं सखूबाईंनी दिलं. त्या आता सकाळ-संध्याकाळ दोन भांडी चढवतात, दोन उतरवतात, दोन घासतात. आणि खाटेवरच्या ज्या माणसांना मीठ चालत नाही, ती शेजारच्या वाटीतल्या आमटीचा वास घेत आपली अळणी पितात.